स्कॉटिश लोक म्हणजे इंग्रजच का? त्यांचा देश आणि त्यांच्या परंपरा यांविषयी

आपण विचारले आहे की स्कॉटिश लोक ही इंग्रजांचीच एक शाखा आहे का, त्यांचा प्रदेश कसा आहे, आणि किल्ट, बॅगपाइप व व्हिस्की या ठरावीक गोष्टींपलीकडे त्यांच्या ज्या परंपरा सांगितल्या जातात त्या लोक खरोखर पाळतात की त्या केवळ पर्यटकांसाठी जपल्या आहेत. नोकरीनिमित्त मी काही वर्षांपासून स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील अ‍ॅबर्डीन शहरात राहतो आणि या देशाच्या इतिहासाविषयी मला मनापासून आस्था आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे नकारार्थी आहे. ग्रेट ब्रिटन या बेटावर इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड असे तीन देश आहेत. ब्रिटिश हे त्या सर्वांचे नागरिकत्व आहे, तर इंग्रज हे त्यांपैकी एकाच देशाचे लोक आहेत. स्कॉटिश माणसाला इंग्रज म्हटले तर तो बहुधा सौजन्याने, पण लगेच दुरुस्ती करतो. महाराष्ट्रात आपण कंपनी सरकारच्या सर्वच अधिकाऱ्यांना सरसकट इंग्रज म्हणत आलो आहोत, मात्र आपल्या इतिहासात वारंवार भेटणारी त्यांतील कित्येक नावे स्कॉटिश आहेत. साताऱ्याचा रेसिडेंट आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ हा अ‍ॅबर्डीनच्या वायव्येकडील बान्फ या गावचा. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि त्यांच्यामागून १८२७ मध्ये त्या पदावर आलेले सर जॉन माल्कम, ज्यांच्या नावाने महाबळेश्वरची माल्कम पेठ वसली, हे दोघेही स्कॉटिश होते. १८२९ मध्ये मुंबईत येऊन मराठी शिकलेले आणि ज्यांच्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले ते डॉ. जॉन विल्सन हेही स्कॉटिशच.

आता प्रदेशाविषयी. स्कॉटलंडने बेटाचा उत्तरेकडील सुमारे एक तृतीयांश भाग व्यापला आहे. क्षेत्रफळ सुमारे ७८,००० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या ५४ लाखांच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या एक चतुर्थांश क्षेत्रात एकट्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी माणसे. पण हा देश समजून घेण्यासाठी या आकड्यांपेक्षा एक भूगर्भीय रेषा अधिक महत्त्वाची आहे. पश्चिमेच्या अ‍ॅरन बेटापासून पूर्वेला अ‍ॅबर्डीनच्या दक्षिणेकडील स्टोनहेवनपर्यंत एक मोठा प्रस्तरभंग तिरका गेला आहे. त्याच्या उत्तरेस व पश्चिमेस हायलँड, म्हणजे अतिप्राचीन कठीण खडकांचा, पातळ आम्ल मातीचा, दलदलीचा आणि खोल सरोवरांचा डोंगराळ मुलूख आहे. ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस, उंची १,३४५ मीटर, याच भागात आहे. दक्षिणेस लोलँड आहे, जिथे सुपीक शेती, कोळसा, बंदरे आणि ग्लासगो व एडिंबरा ही दोन्ही मोठी शहरे आहेत, आणि देशातील बहुसंख्य लोक याच पट्ट्यात राहतात. आमची ईशान्येची किनारपट्टी रेषेच्या उत्तरेला असूनही वळणाने लोलँडचीच आहे, त्यामुळे ही विभागणी नकाशावर काटेकोर बसत नाही. तरीही शेकडो वर्षे या दोन मुलखांची भाषा, उपजीविका आणि समाजरचना इतकी वेगळी होती की जणू एका राजाच्या दोन प्रजा असाव्यात. शिवाय पश्चिमेला हेब्रिडीझ आणि उत्तरेला ऑर्कने व शेटलंड असे बेटांचे समूह आहेत. हवामानाविषयी एवढेच सांगतो की जूनमध्ये रात्री साडेदहालाही आकाशात उजेड असतो आणि डिसेंबरमध्ये दुपारी साडेतीनलाच सूर्य मावळतो. हिवाळ्यातील सणांना या लोकांच्या आयुष्यात इतके महत्त्व का आहे, हे तो अंधार अनुभवल्यावर कळते.

स्कॉटिश लोक एका वंशाचे नाहीत, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्वेकडे व उत्तरेकडे पिक्ट, आयर्लंडशी जोडलेल्या पश्चिम किनाऱ्यावर दाल रियाटा राज्याचे गेल, क्लाइड नदीच्या खोऱ्यात वेल्शच्या नात्यातील भाषा बोलणारे ब्रिटन नावाचे लोक, आग्नेयेस अँगल्स, आणि आठव्या शतकाच्या अखेरीपासून बेटांवर आलेले नॉर्वेचे व्हायकिंग, अशा निदान पाच समूहांच्या मिश्रणातून हा समाज घडला. नवव्या शतकाच्या मध्यास, परंपरेने ८४३ च्या सुमारास, केनेथ मॅकअल्पिन हा पिक्ट व गेल या दोघांचा राजा झाला असे मानतात. हेब्रिडीझ बेटे १२६६ मध्ये नॉर्वेकडून मिळाली, आणि ऑर्कने व शेटलंड तर डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी १४६८-६९ मध्ये गहाण ठेवली ती कायमचीच स्कॉटलंडकडे राहिली. शेटलंडमधील अनेक लोक आजही आपले मूळ नॉर्वेशी जोडतात. जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी लर्विक गावात शेकडो लोक मशाली घेऊन मिरवणूक काढतात आणि हौसेने बांधलेले लांब व्हायकिंग जहाज शेवटी पेटवून देतात. या सोहळ्याचे आजचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे, आणि लर्विकच्या मशालधारी पथकांत स्त्रियांना २०२३ पासून स्थान मिळाले.

एवढ्या भिन्न लोकांना एकत्र ठेवणारी पहिली गोष्ट होती दक्षिणेकडील बलाढ्य शेजाऱ्याशी झालेला संघर्ष. १२९६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने स्वारी केली. १२९७ मध्ये विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे यांनी स्टर्लिंगच्या पुलावर इंग्रज फौजेचा पराभव केला. वॉलेसला १३०५ मध्ये लंडनमध्ये क्रूरपणे ठार मारण्यात आले आणि स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याने १३१४ मध्ये बॅनकबर्नची लढाई जिंकली. या सर्वांहून मला अधिक मोलाचे वाटते ते १३२० मध्ये स्कॉटिश सरदारांनी पोपला पाठवलेले आरब्रोथचे पत्र. खुद्द ब्रूसनेच देश इंग्लंडच्या हवाली करण्याचा प्रयत्न केला तर त्यालाही हटवून आम्ही दुसरा राजा करू, असे त्यात राजाच्या हयातीतच लिहिले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे संस्था. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि १७०७ मध्ये दोन्ही संसदांचे एकीकरण झाले, परंतु त्या करारात स्कॉटलंडने आपली न्यायव्यवस्था आणि आपले चर्च राखून ठेवले, आणि शिक्षणव्यवस्थाही वेगळीच राहिली. आजही येथील कायदा वेगळा आहे, फौजदारी खटल्यातील ज्यूरी १५ जणांची असते, आणि तीन स्कॉटिश बँका स्वतःच्या नोटा छापतात. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर आलेल्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाच्या, चर्चची अशी धारणा होती की प्रत्येकाला बायबल स्वतः वाचता आले पाहिजे. त्यातून १६९६ चा कायदा आला आणि प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतील वस्तीसाठी, शाळा असावी असे ठरले. १६०० पूर्वीच या छोट्या देशात सेंट अँड्र्यूज, ग्लासगो, अ‍ॅबर्डीन आणि एडिंबरा येथे विद्यापीठे उभी होती. अठराव्या शतकात तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम, अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ, भूविज्ञानाचा पाया घालणारा जेम्स हटन आणि वाफेचे यंत्र सुधारणारा जेम्स वॉट एकाच पिढीच्या अंतराने येथे निपजले, हा मला योगायोग वाटत नाही.

आता ज्यामुळे स्कॉटलंडची जगभर ओळख आहे त्या हायलँडकडे वळतो. तेथील समाज कुळांत, म्हणजे क्लॅनमध्ये, विभागलेला होता. कुळाचा प्रमुख हा जमीन, न्याय आणि युद्ध या तिन्हींचा धनी असे, आणि त्याच्या आश्रयाला आलेली कुटुंबेही त्याचेच आडनाव लावीत. त्यामुळे सगळे मॅकडोनाल्ड किंवा सगळे कॅम्पबेल एकाच रक्ताचे असतात ही समजूत चुकीची आहे. दाराशी आलेल्याला, मग तो वैऱ्याच्या कुळाचा का असेना, अन्न आणि आसरा द्यायचाच, हा या समाजाचा अलिखित नियम होता. म्हणूनच ग्लेनकोची घटना सव्वातीनशे वर्षांनंतरही लोक विसरलेले नाहीत. राजाशी निष्ठेची शपथ घेण्यास ग्लेनकोच्या मॅकडोनाल्ड प्रमुखाला काही दिवस उशीर झाला, याचे निमित्त करून सरकारने १६९२ च्या फेब्रुवारीत रॉबर्ट कॅम्पबेलच्या हाताखाली सैनिक पाठवले. ते जवळजवळ दोन आठवडे मॅकडोनाल्डांच्याच घरी पाहुणे म्हणून जेवले-झोपले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे त्यांनी यजमानांवरच शस्त्र उगारले. सुमारे ३८ जण मारले गेले, आणि पळालेल्यांपैकी आणखी कित्येक बर्फात गारठून मेले. ही कुळाकुळांतील सूडकथा म्हणून सांगितली जाते, पण आदेश वरून, सरकारकडूनच आले होते, हे विसरता कामा नये.

कुळव्यवस्थेचा शेवट १७४६ मध्ये झाला. पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने उठलेल्या सैन्याचा, ज्यात हायलँडमधील कुळांचा मोठा भरणा होता, १६ एप्रिलला इनव्हर्नेसजवळ कलोडन येथे तासाभराच्या आत धुव्वा उडाला. तेथे सरकारी बाजूने लढणाऱ्यांतही अनेक स्कॉटिश होते, त्यामुळे ही स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड अशी सरळ लढाई नव्हती. त्यानंतर प्रमुखांचे न्यायदानाचे वंशपरंपरागत अधिकार काढून घेतले गेले आणि पुरुषांना हायलँडचा पोशाख घालण्यास कायद्याने बंदी झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. बंदी १७८२ पर्यंत टिकली, पण ब्रिटिश लष्करातील हायलँड पलटणींना मात्र तिच्यातून सूट होती. ज्यांचे घर-गाव मोडले गेले त्यांचीच मुले मग साम्राज्याच्या फौजेत भरती झाली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर चालून आलेल्या आर्थर वेलस्लीच्या सैन्यात ७४ वी आणि ७८ वी या दोन हायलँड पलटणी होत्या, आणि मराठ्यांच्या तोफांपुढे ७४ व्या पलटणीची भयंकर हानी झाली.

इकडे प्रमुख आता जमीनदार झाले होते आणि माणसांपेक्षा मेंढ्यांपासून अधिक उत्पन्न मिळते हे त्यांना कळले होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची जवळजवळ शंभर वर्षे हायलँडमधील खोरीच्या खोरी रिकामी करण्यात आली. सदरलंड परगण्यात तर लोक परत येऊ नयेत म्हणून घरांची छपरे जाळण्यात आली. उठवलेले लोक किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर, ग्लासगोच्या कारखान्यांत, किंवा कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडला गेले. आज हायलँडमध्ये फिरताना पर्यटकांना जी निर्मनुष्य शांतता मोहवते, ती अनेक ठिकाणी निसर्गाची नसून माणसांनी माणसांना हाकलल्याची आहे, हे मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगतो. शेवटी स्काय बेटावरील खंडकरी शेतकऱ्यांनी १८८२ मध्ये पोलिसांना दगड मारून विरोध केला, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८८६ च्या कायद्याने लहान खंडकरी शेतकऱ्यांना जमिनीवरून न हटवण्याची हमी मिळाली. कूळकायद्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे अशा मराठी वाचकांना या लढ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जमिनीचा प्रश्न अजूनही जिवंत आहे: १९९७ मध्ये एग या छोट्या बेटाच्या रहिवाशांनी पुढाकार घेऊन सारे बेट जमीनदाराकडून विकत घेतले.

मात्र सगळेच स्कॉटिश लोक पीडित होते असे चित्र रंगवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ग्लासगोची अठराव्या शतकातील श्रीमंती गुलामांच्या श्रमावर पिकलेल्या तंबाखूतून आणि साखरेतून आली, आणि आपल्याला मिळालेल्या देणग्यांत त्या पैशाचा मोठा वाटा होता हे ग्लासगो विद्यापीठाने २०१८ मध्ये स्वतः अहवाल काढून मान्य केले.

या पार्श्वभूमीवर किल्टची कथा पाहावी. मूळचा किल्ट म्हणजे कित्येक वार लांबीचे, कमरेला पट्ट्याने बांधून उरलेले खांद्यावर घेण्याचे लोकरी वस्त्र होते, जे रात्री पांघरूण म्हणूनही उपयोगी पडे. गुडघ्यापर्यंतचा आजचा चुणीदार किल्ट अठराव्या शतकात रूढ झाला. ज्या लोलँडच्या लोकांना पूर्वी हा डोंगरी लोकांचा रानटी वेश वाटत असे, त्यांनीच १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकाराने तो राष्ट्रीय पोशाख म्हणून अंगावर चढवला. प्रत्येक कुळाचा ठरलेला टार्टन, म्हणजे चौकड्यांचा रंगक्रम, ही कल्पनाही मुख्यतः त्याच काळात पक्की झाली. म्हणून कोणी त्याला बनावट परंपरा म्हणतात. मला ते मत पटत नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या लग्नात नवरदेव, त्याचे वडील आणि निम्मे पाहुणे किल्टमध्ये होते, आणि तेथे एकही पर्यटक नव्हता. दोनशे वर्षे माणसे लग्नात आणि अंत्यविधीत जे वस्त्र नेसतात ते त्यांचेच असते.

बॅगपाइप स्कॉटलंडचे एकट्याचे वाद्य नाही, युरोपात व पश्चिम आशियात त्याचे अनेक प्रकार आहेत. पण हायलँडचे मोठे बॅगपाइप सर्वांत प्रसिद्ध झाले. त्याच्या खालच्या नळीवर नऊ स्वर वाजतात आणि खांद्यावर टेकलेल्या तीन नळ्या तंबोऱ्याच्या षड्जासारखा एकच आधारस्वर अखंड धरून ठेवतात. फुंकलेली हवा पिशवीत साठत असल्याने सुरावट तुटत नाही, आणि म्हणूनच दोन सारखे स्वर वेगळे दाखवण्यासाठी वादकाला मध्ये अतिशय जलद असे बारीक स्वर पेरावे लागतात. लष्करी संचलनात ऐकू येते ते या वाद्याचे हलके संगीत. त्याचे अभिजात संगीत वेगळे आहे. त्यात एक संथ मूळ सुरावट घेऊन ती क्रमाक्रमाने अधिकाधिक अलंकृत करीत नेतात आणि शेवटी पुन्हा साध्या रूपात आणतात. आपल्याकडील विलंबित ख्याल ऐकण्याचा सराव असलेल्यांनी ते अवश्य ऐकावे. भारतीय लष्कराच्या अनेक पलटणींत हे वाद्य आजही वाजते, ते याच हायलँड पलटणींच्या वारशामुळे.

सणांमध्ये मला सर्वांत प्रिय आहे २५ जानेवारीची बर्न्स रात्र. रॉबर्ट बर्न्स हा १७५९ मध्ये अ‍ॅलोवे येथे जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. त्याने स्कॉट्स या लोलँडच्या बोलीत कविता लिहिल्या, नंतर अबकारी खात्यात नोकरी केली आणि ३७ व्या वर्षी तो वारला. त्याच्या मित्रांनी १८०१ मध्ये त्याच्या स्मरणार्थ एकत्र भोजन केले आणि ती प्रथा पुढे घरे, शाळा आणि मंडळे यांतून जगभर पसरली. बॅगपाइपच्या साथीने हॅगिस मिरवत आणतात. मेंढीचे काळीज, यकृत व फुप्फुस बारीक करून ओटचे भरड, चरबी, कांदा व मिरी घालून पूर्वी मेंढीच्या पोटाच्या पिशवीत शिजवीत असत तो हा पदार्थ, आणि आता शाकाहारी हॅगिसही सर्वत्र मिळते. एक जण बर्न्सची हॅगिसवरील कविता साभिनय म्हणतो आणि ठरावीक ओळीला सुरी खुपसतो. मग बटाटे व सलगम यांच्यासह जेवण, कवीच्या स्मृतीला उद्देशून भाषण, गाणी, आणि अखेरीस सर्वांनी हात गुंफून त्याचेच जुन्या मैत्रीचे गीत गायचे. राष्ट्राचा सर्वांत घरगुती सण एखाद्या राजाच्या किंवा लढाईच्या नावाने नसून कवीच्या नावाने असावा, याचे मला अतोनात कौतुक वाटते.

नववर्षाच्या पूर्वसंध्येला हॉगमने म्हणतात. सुधारित चर्चला नाताळ हा पोपच्या धर्माचा अवशेष वाटे, त्यामुळे स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ मध्ये सुरू झाली आणि हिवाळ्याचा सगळा उत्साह नववर्षाकडे वळला; २ जानेवारीचीही सुटी ब्रिटनमध्ये फक्त येथेच असते. मध्यरात्रीनंतर घराचा उंबरा प्रथम ओलांडणारा पुरुष काळ्या केसांचा असावा आणि त्याने कोळसा, गोड बिस्किटे किंवा व्हिस्की आणावी असा संकेत आहे. काळ्या केसांमुळे माझ्यासारख्याला या रात्री शेजाऱ्यांकडून आग्रहाची बोलावणी येतात. स्टोनहेवनमध्ये लोक तारेच्या जाळीत पेटवलेले आगीचे गोळे डोक्याभोवती फिरवत रस्त्याने चालतात आणि शेवटी बंदराच्या पाण्यात फेकतात. लग्नात व सणांत होणारे केली नावाचे सामूहिक नृत्य तर येथील मुले शाळेत व्यायामाच्या तासालाच शिकतात, त्यामुळे आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना पावले ठाऊक असतात.

व्हिस्कीविषयी थोडक्यात: स्कॉच म्हणण्यासाठी ती स्कॉटलंडमध्येच गाळून ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरवलेली असावी लागते, आणि आयला बेटावरील व्हिस्कीला येणारा धुराचा वास सातू वाळवताना जाळलेल्या पीटचा, म्हणजे दलदलीत कुजलेल्या वनस्पतींच्या मातीसारख्या इंधनाचा, असतो. उन्हाळ्यातील हायलँड खेळ, ज्यांत झाडाचा सरळसोट बुंधा उभा धरून कोलांटी देत फेकतात, गावोगावी होतात आणि पाहण्याजोगे असतात.

राजकारणात, १९९९ पासून एडिंबरामध्ये पुन्हा स्कॉटिश संसद आहे. २०१४ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के मतदारांनी ब्रिटनमध्ये राहण्याचा कौल दिला. या प्रश्नावर एकाच घरात दोन मते असतात, म्हणून पाहुण्याने तो विषय स्वतःहून काढू नये.

परंपरा किती खऱ्या, या आपल्या प्रश्नात मला सर्वांत काळजी वाटते ती गेलिक भाषेची. किल्ट आणि बॅगपाइप यांना बाजारपेठ आहे, पण ज्या भाषेतून ती संस्कृती आली तिला १८७२ च्या शिक्षण कायद्याने शाळेत जागाच दिली नाही, आणि ती बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा झाल्याच्या आठवणी अनेक कुटुंबांत सांगितल्या जातात. २००५ मध्ये तिच्या संरक्षणाचा कायदा झाला, ग्लासगोत २००६ पासून संपूर्ण गेलिक माध्यमाची शाळा चालते आणि तिथे मुले घालणाऱ्या कित्येक पालकांना स्वतःला ती भाषा येत नाही. २०२२ च्या जनगणनेत गेलिक येणाऱ्यांची देशभरची संख्या वाढलेली दिसली, पण जिथे ती चुलीपाशी बोलली जाते त्या पश्चिम बेटांवर तिचे भाषक आता निम्म्याहून कमी उरले आहेत.